शाळा चार दिवस, मग सोमवारचे काय? ब्रायटनला घर घेऊ पाहणाऱ्या पालकांसाठी

डेन्व्हरच्या उत्तर उपनगरात राहणाऱ्या एका मराठी दांपत्याने पुढील प्रश्न विचारला आहे. दोघेही पूर्ण वेळ नोकरी करतात. मुलगी तेरा वर्षांची असून सातवीत आहे. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत आहे आणि त्याला शाळेतूनच आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपी मिळते. ब्रायटनच्या बाजूला त्यांना एक घर पसंत पडले आहे, किंमतही आवाक्यातली आहे. परंतु तिथल्या सार्वजनिक शाळा मंगळवार ते शुक्रवार अशा चारच दिवस भरतात आणि सोमवारी बंद असतात. मुलांचे यात नुकसान होईल का, आणि घर घ्यावे की न घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

कोलोरॅडोतल्या चार दिवसांच्या आणि पाच दिवसांच्या अशा दोन्ही प्रकारच्या शाळांत मी आधी वर्गशिक्षिका आणि नंतर समुपदेशक म्हणून काम केले आहे, त्या अनुभवावरून आधी थोडक्यात उत्तर देते. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला फारशी चिंता वाटत नाही. मुलाच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी कागदावर स्पष्ट झाल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे: वर्षभरातल्या प्रत्येक सोमवारी तो कोणाजवळ असेल, आणि त्याची थेरपी चार दिवसांच्या वेळापत्रकात नेमकी कुठे बसेल. ‘चार दिवस चांगले की पाच’ या वादात पालकांचा पुष्कळ वेळ जातो. पण निर्णय दिवसांच्या संख्येवर होत नाही, तो शिकवण्याच्या एकूण तासांवर आणि पाचव्या दिवसाच्या व्यवस्थेवर होतो.

ही पद्धत आली कुठून, हे आधी समजून घेतले तर पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात. अमेरिकेत चार दिवसांची शाळा ही नवी कल्पना नाही. १९७०च्या दशकातल्या इंधनटंचाईच्या काळात न्यू मेक्सिकोतल्या सिमारॉनसारख्या लांबलांब पसरलेल्या ग्रामीण डिस्ट्रिक्टांनी (डिस्ट्रिक्ट म्हणजे एका भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी स्थानिक यंत्रणा) बसचे डिझेल आणि इमारती गरम ठेवण्याचा खर्च वाचवण्यासाठी ती स्वीकारली. कोलोरॅडोत १९८०च्या दशकात कायदा बदलून शाळेचे वर्ष दिवसांऐवजी तासांत मोजायला सुरुवात झाली. प्राथमिक शाळेसाठी वर्षाला ९९० तास आणि माध्यमिकसाठी १,०८० तास हे किमान प्रमाण ठरले. तास भरले की दिवस कमी करण्याची वाट मोकळी झाली, आणि आज राज्यातल्या १७८ डिस्ट्रिक्टांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक डिस्ट्रिक्ट चार दिवसांच्या आठवड्यावर आहेत. त्यांतली बहुतेक लहान आणि ग्रामीण आहेत. तिथे पाचवा दिवस खेळाच्या सामन्यांसाठी लांबचा प्रवास, डॉक्टरच्या भेटी आणि शेतावरची कामे यांत जातो, आणि घरी किंवा शेजारी कोणी ना कोणी मोठे माणूस असते.

ब्रायटनची गोष्ट वेगळी आहे. तिथले २७-जे हे डिस्ट्रिक्ट डेन्व्हर महानगराच्या कडेला असून झपाट्याने वाढणारे आहे. शाळांसाठी मालमत्ता कर वाढवण्याचे प्रस्ताव मतदारांनी वर्षानुवर्षे फेटाळले, शेजारच्या डिस्ट्रिक्टांइतका पगार शिक्षकांना देता येईना, आणि शिक्षक टिकावेत म्हणून २०१८-१९ पासून सोमवारची सुट्टी सुरू झाली. २०२२ मध्ये मतदारांनी अखेर वाढीव कर मंजूर केला. पण तोवर चार दिवसांचा आठवडा तिथे रुळला होता. मी हा इतिहास सांगते आहे त्याचे कारण असे, की मुलांना चार दिवसांत अधिक चांगले शिकता येते म्हणून हा बदल झालेला नाही. तो पैशांच्या आणि मनुष्यबळाच्या अडचणीतून झाला. ही अडचण खरी होती आणि तिथल्या शिक्षकांनी बदललेल्या वेळापत्रकात मनापासून काम केले, हेही तितकेच खरे. मात्र शाळेच्या माहितीसभेत ‘कुटुंबासाठी अधिक वेळ’ असे सांगितले जाते तेव्हा पालकांनी ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी.

आता अभ्यासाविषयी. या विषयावर गेल्या काही वर्षांत चांगले संशोधन झाले आहे. ओरेगॉन स्टेट विद्यापीठातले पॉल थॉम्पसन यांनी ओरेगॉनमधल्या विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास केला, तेव्हा चार दिवसांच्या शाळांत गणित आणि वाचन या दोन्हींत लहान पण निश्चित घसरण दिसली. रँड या संशोधन संस्थेच्या २०२१च्या अहवालात असे दिसले, की चार दिवसांच्या शाळेतला दिवस सरासरी ५० मिनिटांनी मोठा असतो, तरीही वर्षाच्या हिशेबात मुले सुमारे ५८ तास कमी शाळेत असतात. नुकसान पहिल्याच वर्षी डोळ्यांत भरत नाही, ते हळूहळू साचत जाते, असेही त्या अहवालातून निघते. एमिली मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक राज्यांच्या आकडेवारीवर केलेल्या कामात ग्रामीण शाळांत परिणाम कमी आणि शहरी-उपनगरी शाळांत अधिक आढळला, आणि तुमच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सर्वांत उपयोगी निष्कर्ष मात्र तासांविषयीचा आहे: ज्या डिस्ट्रिक्टांनी दिवस कमी करताना एकूण वेळही कमी होऊ दिला तिथे घसरण ठळक होती, आणि ज्यांनी वेळ राखला तिथे ती जवळपास दिसली नाही.

म्हणून कोणत्याही शाळेविषयी मत बनवण्याआधी तिचे दैनंदिन वेळापत्रक आणि वार्षिक दिनदर्शिका मागून घ्या आणि हिशेब स्वतः करा. समजा, चार दिवसांची शाळा सकाळी आठ ते दुपारी पावणेचार अशी आहे आणि जेवण व मधली सुट्टी मिळून ५० मिनिटे जातात. म्हणजे दिवसाला ६ तास ५५ मिनिटे शिकवणे. वर्षाचे १४४ दिवस धरले तर ९९६ तास. तुमची सध्याची पाच दिवसांची शाळा साडेआठ ते सव्वातीन असेल, सुट्टी तितकीच असेल आणि दिवस १७२ असतील, तर १,०१८ तासांच्या आसपास होतात. फरक बावीस तासांचा, म्हणजे काळजी करण्याजोगा नाही. परंतु तीच चार दिवसांची शाळा सव्वातीनलाच सुटत असेल तर तास ९२४ वर येतात आणि फरक जवळजवळ ९४ तासांचा होतो. हे सध्याच्या शाळेच्या पंधरा-सोळा दिवसांचे शिकवणे झाले, आणि दरवर्षी इतके. हे आकडे मी केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत; तुम्ही तुमच्या दोन शाळांचे खरे आकडे घालून पाहा. लवकर सुटणारे दिवस आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस वजा करायला विसरू नका.

तास भरले म्हणजे ते सगळे सारखे, असे मात्र नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत मला यावर थोडे थांबून लिहावेसे वाटते. दुसरीच्या वर्गात दुपारी तीननंतर काय होते, ते बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. सकाळी दहा वाजता जे मूल एक पान अडखळल्याशिवाय वाचते, तेच मूल त्या वेळी त्याच शब्दांवर अडते, ओळ सोडून खालच्या ओळीवर जाते, पेन्सिलीला टोक करायला चार वेळा उठते. त्याला येत नसते असे नाही; त्याची लक्ष देण्याची शक्ती संपलेली असते. जाणते शिक्षक हे ओळखून गणित आणि वाचन जेवणाच्या सुट्टीआधी उरकतात आणि शेवटच्या तासाला चित्रकला, विज्ञानातले हाताने करायचे प्रयोग, मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे असे काही ठेवतात, शिवाय दुपारी खाण्यासाठी आणि मैदानावर जाण्यासाठी आणखी एक लहान सुट्टी देतात. ज्या शाळेत जुनेच वेळापत्रक ताणून लांब केलेले असते, तिथे वाढवलेली मिनिटे कागदावर दिसतात आणि मुलाच्या पदरात फारसे पडत नाही. त्यामुळे मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा ‘दुसरीच्या वर्गात शेवटच्या पाऊण तासात काय चालते?’ हा प्रश्न जरूर विचारा, आणि शक्य असेल तर त्या वेळी वर्ग पाहण्याची परवानगी मागा. उत्तर नेमके मिळाले तर ती शाळा चार दिवसांचा विचार करून चालवली जाते आहे, असे समजायला हरकत नाही.

आता तुमच्या मुलाच्या थेरपीचा मुद्दा. तुमच्या पत्रात तो एका ओळीत आला आहे. माझ्या दृष्टीने तो सर्वांत आधी सोडवायचा आहे. त्याच्या आयईपीमध्ये, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी शाळेने लेखी तयार केलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात, सेवेची मिनिटे आठवड्याच्या किंवा महिन्याच्या हिशेबाने लिहिलेली असतील. शाळेचा आठवडा चार दिवसांचा आहे एवढ्याच कारणावरून ती मिनिटे कमी करता येत नाहीत. ती मुलाच्या गरजेवरून ठरतात. एका डिस्ट्रिक्टमधून दुसऱ्यात गेल्यावर नवीन डिस्ट्रिक्टने जुना आयईपी स्वीकारेपर्यंत किंवा नवा तयार करेपर्यंत तुलनेने तितक्याच सेवा देणे केंद्रीय कायद्याने बंधनकारक आहे. अडचण कायद्यात नसून वेळापत्रकात येते. थेरपिस्टकडे मुले तितकीच आणि दिवस चार, त्यामुळे एकतर गट मोठे होतात किंवा मुलाला अशा तासातून बाहेर काढले जाते, जो बुडणे त्याला परवडणारे नसते. वाचनाच्या तासातून दोनदा बाहेर काढलेल्या मुलाचा उच्चार सुधारेल आणि वाचन मागे पडेल. म्हणून मिनिटांबरोबरच गटात किती मुले असतील आणि कोणत्या तासातून त्याला नेले जाईल, हेही बैठकीत विचारून लिहून घ्या. शुक्रवार दुपार ते मंगळवार सकाळ एवढ्या अंतरात सरावाचा धागा तुटू नये म्हणून थेरपिस्टकडून सोमवारसाठी दहा मिनिटांचा घरचा सराव मागून घ्या. त्या बहुधा आनंदाने देतात.

आणि आता सोमवार. दोन नोकऱ्यांच्या घरात सात वर्षांच्या मुलाचा सोमवार ही वर्षभराची जबाबदारी असते आणि ती शाळेच्या अंदाजपत्रकातून निघून कुटुंबाच्या अंदाजपत्रकात येते. डिस्ट्रिक्टची स्वतःची बचत त्या मानाने फार थोडी असते. बहुतेक पैसा पगारांवर जातो आणि पगार तसेच राहतात. बस, उपाहारगृह आणि वीज यांत मिळून एकूण खर्चाच्या साधारण ०.४ ते २.५ टक्के वाचतात, असे या विषयावरच्या जुन्या आणि वारंवार उद्धृत होणाऱ्या पाहणीत आढळले होते. तुमच्या घरचा आकडा याहून मोठा निघू शकतो. २७-जे मध्ये सोमवारची देखरेख सुरू झाली तेव्हा ती दिवसाला सुमारे ३० डॉलर होती. आजचा दर आणि उपलब्ध जागा तुम्ही थेट विचारून घ्या, कारण जागा मर्यादित असतात आणि त्या लवकर भरतात. अमेरिकेतल्या आकडेवारीवरच्या एका अभ्यासात चार दिवसांच्या शाळांमुळे लहान मुले असलेल्या विवाहित स्त्रियांच्या नोकरीवर प्रतिकूल परिणाम झालेला दिसला. मी पाहिलेल्या घरांतही सोमवार हळूहळू आईच्याच कामात शिरतो. तेव्हा घर घेण्याआधी दोघांनी एकत्र बसून दिनदर्शिकेवर प्रत्येक सोमवारपुढे नाव लिहावे, आणि बाबांचे नाव त्यात किती वेळा येते ते पाहावे.

आपल्या मराठी घरांत या प्रश्नाची तीन उत्तरे हमखास दिली जातात, आणि तिन्हींविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. पहिले, ‘आजी-आजोबा येतील.’ ते येतात, आणि त्यांच्याइतके प्रेमाने कोणी सांभाळणार नाही. पण अभ्यागत व्हिसावर एका वेळी सहसा सहा महिन्यांपर्यंतच राहता येते आणि शाळेचे वर्ष ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत चालते. शिवाय इथली थंडी, गाडी चालवता न येणे आणि वाढते वय यांचाही विचार हवा. दुसरे, ‘आम्ही सोमवारी घरून काम करू.’ सात वर्षांचे मूल दुसऱ्या खोलीत टॅब्लेटवर आणि आई-बाबा मीटिंगमध्ये, याला देखरेख म्हणत नाहीत; सोमवार तर बहुतेक कार्यालयांत सर्वाधिक बैठकांचा दिवस असतो. तिसरे, ‘ताई आहे ना घरी.’ कोलोरॅडोत मुलांना घरी एकटे ठेवण्यासाठी कायद्याने ठरावीक वय नेमलेले नाही. बारा वर्षे हे मार्गदर्शक म्हणून सांगितले जाते, आणि तेरा वर्षांची मुलगी भावाला तासभर नक्कीच सांभाळू शकते. पण दर सोमवारी नऊ तास ही तिच्यावर टाकलेली नोकरी होईल. अशा घरांतल्या मुली माझ्यासमोर बसून सांगतात, की मैत्रिणी सोमवारी भेटतात आणि मला जाता येत नाही. ही तक्रार त्या आई-वडिलांकडे करत नाहीत, कारण आपण मदत करायलाच हवी, असे त्यांना मनापासून वाटत असते. तुमच्या मुलीचा सोमवार तिचा राहू द्या.

तो तिला उपयोगीही पडेल. सातवी-आठवीच्या मुलांना झोप कमी पडते, आणि आठवड्यातून एक सकाळ घड्याळाशिवाय उठायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे; फक्त बाकीच्या चार दिवशी शाळा फार लवकर सुरू होत नाही ना, ते पाहा. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने माध्यमिक शाळा साडेआठच्या आत सुरू करू नयेत, अशी शिफारस २०१४ मध्येच केली आहे. दंतवैद्य, वाद्यवादन, वाचनालय, राहिलेला गृहपाठ यांसाठी सोमवार मोकळा मिळाला की रविवारी मराठी शाळेला जाण्याची कुरकुरही कमी होते, असा पुष्कळ पालकांचा अनुभव आहे. एक सावधगिरी ठेवावी. कोलोरॅडोच्याच ग्रामीण भागावरच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चार दिवसांच्या शाळांमुळे किशोरवयीनांच्या गुन्ह्यांत सुमारे २० टक्के वाढ आढळली, आणि त्यात प्रामुख्याने चोरीसारखे प्रकार होते. यावरून तुमच्या मुलीविषयी काहीच ठरत नाही. मोकळ्या दिवसाला निदान अर्ध्या दिवसाचे एखादे ठरलेले ठिकाण असावे, एवढा बोध त्यातून जरूर घ्यावा.

सोमवारच्या सुट्टीचा एक फायदा पालकांच्या लक्षात येत नाही. लेबर डे, मार्टिन लूथर किंग दिन, प्रेसिडेंट्स डे आणि मेमोरियल डे हे सगळे सोमवारीच येतात. त्या दिवशी तुमच्यापैकी एकाला तरी सुट्टी असण्याची शक्यता असते, त्यामुळे तितके सोमवार कमी करून व्यवस्था लावायची असते. जेवणाचे म्हणाल, तर कोलोरॅडोत राज्याच्या योजनेत सहभागी असलेल्या सार्वजनिक शाळांत २०२३-२४ पासून सर्व मुलांना नाश्ता आणि दुपारचे जेवण विनामूल्य मिळू लागले आहे. सोमवारी ते घरचे असेल, एवढेच.

घराच्या किमतीविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन वाक्ये लिहिते. २७-जे मधल्या घरविक्रीवर झालेल्या अभ्यासात चार दिवसांच्या आठवड्यानंतर तिथल्या घरांच्या किमती आसपासच्या भागाच्या तुलनेत २ ते ४ टक्क्यांनी कमी राहिल्याचे दिसले. म्हणजे आज तुम्हाला जी किंमत आवाक्यातली वाटते, तिच्यात सोमवारचा खर्च काही अंशी आधीच धरलेला आहे, आणि पुढे विकतानाही तो धरला जाईल. शिक्षक टिकवण्याचा जो मूळ हेतू होता, त्याचे निकालही संमिश्र आहेत. मिसुरीतल्या डिस्ट्रिक्टांवरच्या अभ्यासात शिक्षकांच्या भरतीत किंवा टिकण्यात फारसा फरक आढळला नाही. त्याच राज्याने २०२४ मध्ये कायदा करून मोठ्या शहरांतल्या डिस्ट्रिक्टांना चार दिवसांसाठी मतदारांची संमती घेणे भाग पाडले. कोलोरॅडोत हा निर्णय अजून स्थानिक मंडळाच्या हाती आहे. आज ठरलेला आठवडा तुमचा मुलगा बारावीला जाईपर्यंत तसाच राहील, असे गृहीत धरून तीस वर्षांचे कर्ज घेऊ नका.

आणखी एक वाट आहे. कोलोरॅडोत पालकांना राहत्या डिस्ट्रिक्टबाहेरच्या सार्वजनिक शाळेतही प्रवेश मागता येतो. म्हणजे ब्रायटनला राहून मुलाला शेजारच्या डिस्ट्रिक्टमधल्या पाच दिवसांच्या शाळेत घालता येईल, कदाचित त्याच्या आताच्या शाळेतही ठेवता येईल. जागा शिल्लक असावी लागते, अर्जाची मुदत प्रत्येक डिस्ट्रिक्टची वेगळी आणि बहुधा हिवाळ्यातच असते, आणि रोजची ने-आण तुम्हालाच करावी लागते. दोन भावंडांच्या दोन दिनदर्शिका सांभाळणे थकवणारे आहे, हे मी पाहिले आहे. तरीही थेरपी नीट बसत नसेल तर एक-दोन वर्षांसाठी मी हाच मार्ग सुचवेन.

तेव्हा घराच्या करारात माघार घेण्याची मुदत असते, ती संपण्याआधी ही कामे या क्रमाने करा. आधी नवीन डिस्ट्रिक्टच्या विशेष शिक्षण विभागाला मुलाचा आयईपी पाठवून थेरपीच्या वेळेविषयी लेखी विचारणा करा. ते उत्तर येईपर्यंत दोन्ही शाळांच्या तासांचा हिशेब मांडा आणि सोमवारच्या देखरेखीत जागा आहे का, ते पाहा. थेरपीचे उत्तर समाधानकारक आले, तासांतला फरक पन्नासच्या आत निघाला आणि ताईचे नाव न घालता सगळे सोमवार भरले, तर घर घ्या. तासांचा फरक मोठा निघाला पण बाकी दोन्ही जमले, तर सोमवारी सकाळी मुलाचे दीड-दोन तास वाचन आणि गणित नियमाने घेणारे माणूस मिळते का, ते आधी शोधा. थेरपीचे उत्तर गुळमुळीत आले, तर दुसऱ्या शाळेचा प्रवेश हाती पडेपर्यंत सही करू नका.